भाच्याच्या नावाचा बोकड

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हनतेत. मी घेते. "ह्ये आले, ह्ये गेले" करीत बसले तर ऐकनाऱ्याला कळायचं न्हाई कोन आलं अन् कोन गेलं. माज्या नवऱ्याचं नाव बंकट. तलवाड्याच्या मोहनराव साहेबांच्या गाडीवर बावीस वर्सं ड्रायव्हर व्हते, अन् त्याच्या आधी चार वर्सं त्यांच्याच ढोरामागं. व्हते म्हनते, कारन आता न्हाईत. कावून न्हाईत, त्येच सांगायला बसले.

आमी मेंढरं राखनारे. बंकट सोळा वर्साचे असताना बाप गेला, मेंढरं चुलत्यांनी आपसात वाटून घेतली अन् ह्यांच्या हातात निस्ती काठी राहिली. ती काठी घिऊन मोहनरावच्या दारात आले. ढोरं राखता राखता ट्रॅक्टर शिकले, ट्रॅक्टरवरून जीपवर गेले, जीपवरून तवेरावर. मानूस कसा म्हनाल, तर गाडी पुसल्याबिगर च्या पीत न्हाईत, गाडी अनवानी चालवितेत, अन् कुनाला 'न्हाई' म्हनायचं त्यांना येत न्हाई. ह्या शेवटच्या गोष्टीवरून आमची लगीन झाल्यापासून भांडनं हायेत. "तुमच्या तोंडाला 'न्हाई' हा शबुद देवानं दिलाच न्हाई का?" असं मी कितीक बार इचारलं. हसतेत अन् बिडी पेटवतेत, बस.

मोहनरावला एकच लेक, वैष्णवी. भाऊ न्हाई. तिला चुलत भाऊ व्हता, रविराज, पन बांधाच्या भांडनापायी दोन्ही घरांचं तोंड बंद व्हतं. इतकं बंद, की मयतीला सुदिक जायचे न्हाईत. पाच वर्साची असताना वैष्णवी राखीच्या दिवशी रडायला लागली, शाळंतल्या समद्या पोरींना भाऊ हायेत म्हनून. तवा तिची आई सुंदरबाई आपल्या तोंडानं म्हनली, "जा, बंकटला बांध." बंकट गोठ्यात शेन काढीत व्हते. हात धुवून आले, डोक्यावर रुमाल टाकला अन् हात पुढं केला. त्या दिवसापासून ती पोर ह्यांना दादा म्हनायली अन् ह्ये तिला वैशे.

चोवीस वर्सं राखी चुकली न्हाई. गेवराईच्या शाळंत तिला ह्यांनीच नेलं-आनलं. ताप आला तर दवाखान्याच्या बाकड्यावर ह्येच बसले. मला लगीन करून आनली तवा सासूच्या आधी नणंदच पाहायला आली, दोन येन्या घातलेली, अन् म्हनली, "वैनी, माज्या दादाला नीट जेवायला घालीत जा." मला लई हसू आलतं. कौतुक बी वाटलं, खोटं कावून बोलू.

तिच्या लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायची येळ आली. हा मान नवरीच्या भावाचा. वऱ्हाड्यांत कुजबुज झाली की ड्रायव्हर कसा काय कान पिळतोय. मोहनराव भर मांडवात उठून म्हनले, "हाच तिचा भाऊ." बंकटनी असा कान पिळला की जावई, आदिनाथ त्याचं नाव, दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभा राहिला. समदा मांडव हसला. त्या रात्री बंकट जेवले न्हाईत, पोट भरलंय म्हनले.

मग ती जर्मनीला गेली. तिकडंच लेकरू झालं, मुलगा. त्याचं नाव त्यांनी लई अवघड ठिवलंय, माज्या जिभेला वळत न्हाई, म्हनून मी बाळच म्हनते. दवाखान्यातूनच तिनं फोनवर तोंड दाखविलं, बाळ दाखविलं अन् म्हनली, "दादा, मामा झालास. जावळ तुज्याच मांडीवर." मी हितंच व्हते, चुलीपुढं. मपल्या कानानं ऐकलंय. आता कुनी म्हनंल तुमचाच गैरसमज झाला, तर त्याला मी सोडनार न्हाई.

जावळ म्हंजे लेकराचे पयले केस काढायचे. आमच्यात भाचा मामाच्या मांडीवर बसतो, केस मांडीत पडतेत, अन् मामा भाच्याला नवे कपडे अन् एक बोकड देतो. बोकड आयत्या येळी बाजारातून आनायचा न्हाई. लेकरू जन्मलं की त्याच आठवड्यात जन्मलेलं नर करडू बघायचं, भाच्याचं नाव त्याच्या कानात सांगायचं अन् त्याच्याच नावानं सांभाळायचं. त्याला इकायचं न्हाई, मारायचं न्हाई. फोन आला त्याच्या चौथ्या दिवशी आमची काळी शेळी याली. बंकटनी एका नर करडाच्या कानात ते अवघड नाव सांगितलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं.

तेरा महिने मी तो बोकड सांभाळला. घास घातला, भरडा घातला. पायातले चांदीचे वाळे मोडून बाळाला करदोडा केला. बंकटनी गुलाबी फेटा आनला अन् तीन दिवस आरशापुढं बांधून बगितला.

मोहनरावचा फोन आला, "बंकट, वैष्णवी येतीय. मुंबईच्या विमानतळावरून तिला घ्यायचं अन् थेट कोकनात समुद्रावर आनायचं. जावळ तिकडंच हाय. आमी आदल्या दिवशी फुडं जातो."

"समुद्रावर कावून?" मी इचारलं.

"रविराजनं तिकडं हॉटेल बांधलंय म्हनं, मोठ्ठं."

"रविराजनं? कोनता रविराज?"

तवा कळलं की दोन्ही घरं एक झाली. रविराज जिल्हा परिषदेला उभा राहनार व्हता, चुलता सोबत पायजे व्हता, अन् बांध निघाला मिटायला. बंकटला त्याचा आनंदच झाला. म्हनले, "भावकी एक झाली, चांगलं झालं." मला तितंच शंका यायला पायजे व्हती. पन मी बी त्या करदोड्यातच गुतलेली.

कोंबडं आरवायच्या आधी निघालो. पुढं बंकट, पाठीमागच्या शिटावर मी अन् माज्या पायाशी पोत्यावर बोकड, गळ्यात घुंगरू, कपाळाला कुंकू. आता तुमी म्हनाल, विमानतळावर कुनी बोकड नेतं का? आमाला काय मालूम. जावळाला निघालो, मामा निघाला, तर बोकड संगं येनारच. तो घरी ठिवायचा हे डोक्यात सुदिक आलं न्हाई.

दुपारी पोहोचलो. विमानतळाची गाड्या लावायची जागाच आमच्या गावाएवढी, मजल्यावर मजले. बंकट बाहीर घ्यायला गेले अन् मी गाडीत. बोकड वरडायला लागला. त्या सिमेंटच्या मजल्यात त्याचा आवाज असा घुमला की चार रांगा पलीकडचा वॉचमन पळत आला. काचंतून बगतो तर बोकड त्याच्याकडं बगतोय.

"बकरा? एरपोर्ट पे बकरा?"

मला हिंदी कुठली यायला. तेवढ्यात बंकट माघारी आले, इमानाला उशीर हाय म्हनून सांगायला. वॉचमनला म्हनले, "भांजे का है साब. उसका मामा मैं." त्या मानसाला काय वाटलं कुनाला ठाऊक, हसला अन् म्हनला, "चुप रखो बस." मी बोकडाला तासभर भाकरीचे तुकडे चारीत बसले.

वैष्णवी आली. चार मोठाल्या बॅगा, कडंवर बाळ, त्याचे केस मानंपर्यंत आलेले, कुरळे, सोनेरी झाक असलेले. बंकट फुडं झाले अन् दोन्ही हात पसरले. बाळ लगेच आलं त्यांच्याकडं. नवख्या मानसाकडं लेकरू असं येत न्हाई. वैष्णवीनं मला बगितलं अन् म्हनली, "वैनी, तुमी बी आलात?"

"मामी न्हाई यायची तर कोन येनार?" मी म्हनलं.

ती हसली, पन डोळ्यांत न्हाई हसली. आदिनाथनं गाडीत वाकून बगितलं अन् नाकाला रुमाल लावला. "हे काय आहे? पाच तास ह्याच्यासोबत?" वैष्णवी त्याला हळूच म्हनली, "राहू दे."

निघालो. पनवेलच्या फुडं च्यासाठी थांबलो. ती दोघं लांब झाडाखाली गेली अन् तितं त्यांचं जुंपलं. आवाज येत नव्हता, हातवारे दिसत व्हते. तो आमच्या गाडीकडं बोट करी, ती मान हलवी. मला वाटलं बोकडावरून चाललंय. मी बंकटला म्हनलं, "जावयाला वास सहन हुईना, काचा उघड्या ठिवा." बंकटनी काचा खाली घेतल्या अन् बोकडाच्या अंगावर अत्तराचा फाया लावला, फेट्याला लावायला आनलेला.

तितून फुडं बंकट नुस्ते बोलत व्हते. हा मानूस घरात दिवसाला धा शबुद बोलतो, अन् त्या दिवशी पेन गेलं, मानगाव गेलं, ह्यांचं तोंड मिटलं न्हाई. "वैशे, तू ल्हान असताना जीपमधी झोपायचीस तवा मी गचके चुकवीत चालवायचो." "वैशे, मी मांडीवर नवं धोतर घेनार हाय, म्हंजे केस टोचायचे न्हाईत बाळाला." "वैशे, न्हावी तितला कसा हाय? हात हलका पायजे." ती "हं" म्हनायची. दर बारीला "हं". फोनमधी बगायची, बाळाचं टोपडं सारखं करायची, खिडकीतून बगायची. अन् बाळ माज्या मांडीवरून बोकडाचा कान धरून खदखदा हसत व्हतं. मला वाटलं, लांबून आलीय पोरगी, दमली असंल. तिला पांघराया मपली शाल दिली. तिनं घेतली बी.

म्हसळ्याच्या फुडं घाट लागला. अंगाला घामाची चिकचिक, वाऱ्याला वाळल्या मासळीचा वास. दिवस मावळायला हॉटेलच्या फाटकाशी आलो. फाटकावर बोर्ड लावलेला, आपल्याकडं पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लावतेत तसला, पन त्याच्या दुप्पट. त्यावर बाळाचा फोटू, अन् बाळापेक्षा मोठा रविराजचा, हात जोडलेला. मला वाचता येत न्हाई. बंकटना येतं, हळूहळू, अक्षराला बोट लावल्यावानी. गाडी थांबवून ते वाचीत राहिले.

"काय लिवलंय?" मी इचारलं.

"सुस्वागतम्," म्हनले, अन् गेर टाकला.

त्याच्या फुडं त्यांनी तोंड उघडलं न्हाई. वैष्णवी बी मान खाली घालून बसली. मी एकटीच मूर्ख, म्हनत व्हते, किती लाईटी लावल्यात बगा.

आत सुंदरबाई ओवाळायला उभी. लेक, जावई, नातू समदे उतरले, आत गेले. आमी उतरायच्या आधीच एकजन म्हनला, "ड्रायव्हरची सोय मागं आहे, गाडी तिकडं घ्या." मी म्हनलं, "आमी मामा-मामी हावोत." तो म्हनला, "मामा तर सकाळीच आलेत, आत बसलेत." मी बंकटकडं बगितलं. बंकट निस्तं समोर बगत व्हते. तवा माज्या डोक्यात उजेड पडला की त्या बोर्डावर काय लिवलं असंल.

तासाभरानं सुंदरबाई मागं आली. पत्र्याच्या खोलीच्या दारातच उभी राहिली, आत आली न्हाई. "बंकट, समजून घे. रविराज यंदा उभा राहतोय. दोन्ही घरं एक झाली हे लोकांना दिसायला पायजे, फोटू गावभर जानार हायेत. तुला काय, तू घरचाच हाईस."

"हो बाई," बंकट म्हनले.

'हो'. मला वाटलं हितंच ह्यांच्या डोक्यात काठी घालावी. मी म्हनलं, "बाई, चोवीस वर्सं राखी बांधली तवा फोटू नव्हता का कुनी काढीत? भर मांडवात साहेब उठून काय म्हनले व्हते, त्ये कुठं गेलं?" सुंदरबाई म्हनली, "रतन, तू लई बोलतीस." अन् गेली. हो, मी लई बोलते. बोलनारं कुनीतरी पायजे ना.

सकाळी हिरवळीवर मांडव. रविराज पांढरे कपडे, भगवा फेटा, पाटावर मांडी घालून बसला. बंकटचा गुलाबी फेटा पिशवीतच राहिला. आमी दोघं पार मागं, सैपाकवाल्यांच्या शेजारी. बाळाला रविराजच्या मांडीवर ठिवलं अन् बाळानं असा टाहो फोडला की न्हाव्यानं मशीन मागं घेतलं. खेळनी दाखविली, मोबाईल दाखविला. लेकरू अंग टाकून देतंय, पाटावरून निसटतंय. पाहुने कटाळले. रविराज हसरं तोंड करून बसला व्हता, पन कपाळाला घाम.

तवा आदिनाथ वरडला, "ड्रायव्हर, ते बोकड आणा जरा इकडं."

मी बंकटचा हात धरला. म्हनलं, "आता तरी न्हाई म्हना. देवाच्यान, आता तरी." त्यांनी माजा हात सोडविला. म्हनले, "लेकराला मशीन लागंल, रतने." अन् बोकड घिऊन गेले. फोटूवाल्यानं त्यांना हातानं बाजूला सारलं, "तुम्ही फ्रेममध्ये येताय, खाली बसा." बंकट खाली बसले, क्यामेऱ्याच्या पायापाशी, गवतावर, बोकडाला पुढं धरून. बाळ गप झालं. बोकडाकडं बगून हसायला लागलं. मशीन फिरलं, केस पडले. पडले रविराजच्या मांडीत. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मोहनराव तितंच खुर्चीवर व्हते, बंकटकडं त्यांनी एकदा बगितलं अन् चष्मा पुसायला काढला.

केस पुरे निघेस्तोवर बंकट तसेच बसलेले. बाळ मधीच त्यांच्याकडं झेपावलं, दोन्ही हात करून. वैष्णवी पटकन फुडं झाली अन् त्याचे हात धरून पुन्हा रविराजकडं वळविले. हे मी मपल्या डोळ्यांनी पाहिलं. तिच्यावर माजा जो राग हाय तो तितला हाय. रविराज परका, सुंदरबाई मालकीन, मोहनराव पुढारी. त्यांचं मला काय न्हाई. पन ही?

जेवनं झाल्यावर ती मागं आली. एकटीच. आमी पत्र्याच्या सावलीला सामान बांधीत व्हतो. तिचे डोळे सुजलेले व्हते, खरं त्येच सांगते.

"दादा, रागावलास का?"

बंकट काय बोलनार न्हाईत म्हनून मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं मला थांबविलं. असं कधी करीत न्हाईत.

"रागाचं काय न्हाई, वैशे," ते म्हनले. "भावकी एक व्हायची असंल तर मांडी कुनाची का असंना. तू मला पनवेललाच सांगितलं असतंस, तर मी म्हनलो असतो, बसव रविराजच्या मांडीवर, मी बोकड धरतो. हसत म्हनलो असतो. पाच तास मी बोलत व्हतो, अन् तू हं हं करीत व्हतीस. तुला माहीत व्हतं. येवढंच सांग, गप कावून बसलीस?"

ती पदराचं टोक पिळीत उभी राहिली. मग म्हनली, "मला भ्या वाटलं, दादा."

"कशाचं?"

"सांगितलं अन् तू वाटंतच गाडी लावून निघून गेलास तर... बाळ व्हतं संगं. बॅगा व्हत्या. रस्ता आमाला ठाऊक नव्हता. म्हनलं, पोहोचल्यावर सांगू."

बंकट तिच्याकडं बगत राहिले. मी ह्या मानसासंगं एकोनीस वर्सं संसार केला, बाप मेल्याचं सांगताना बी त्यांचं तोंड असं झालेलं मी पाहिलं न्हाई. तापात फनफनलेल्या पोरीला मांडीवर घिऊन रात काढलेला मानूस. अन् तिला वाटलं, हा लेकराला रस्त्यावर सोडून जाईल.

त्यांनी खिशातून गाडीची चावी काढली. फडक्यानं पुसली. तिच्या तळहातावर ठिवली अन् तिची बोटं मिटविली.

"आता तुमी पोहोचलात, बाई," म्हनले. "आता जातो."

बोकडाची दोरी त्यांनी घेतली, पिशवी मी. फाटकापर्यंत ती "दादा, दादा" करीत मागं आली. बंकट मागं वळले न्हाईत, अन् मी बी त्यांना वळा म्हनले न्हाई.